थंड्याच्या एजंटाची नात

औशात आमच्या संस्थेचं बालआहाराचं पत्रक शब्दन्‌शब्द पाळणारं एकच घर मला भेटलं, आणि ते थंड्याच्या एजंटाचं होतं.

पत्रक साधं होतं. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध, दुसरं काही नाही, पाणीसुद्धा नाही. पुढं वरचं खाणं सुरू झालं की उकळून गार केलेलं पाणी, तेही वाटीनं किंवा पेल्यानं, बाटलीनं नाही. वर्ष झाल्यावर साधं दूध, साखर न घालता, बेतानं. चहा नाही, कॉफी नाही, थंडा नाही, बाटलीतला आंबा नाही, डब्यातली पावडर नाही. फळ असेल तर फळ खायला द्या, रस काढून गाळत बसू नका. मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत एक ओळ होती: 'तहान लेकराची, नफा कुणाचा?' ती ओळ मी लिहिली होती आणि मला ती फार आवडायची.

अंगणवाड्यांत बायका पत्रक घ्यायच्या, घडी घालायच्या आणि त्यात लेकराचं उरलेलं बिस्कीट गुंडाळायच्या. मी ज्यांच्या माडीवर खोली घेतली होती त्या अप्पांनी मात्र एक पत्रक मागून घेतलं, चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं आणि स्वयंपाकघरात ओट्याच्या वर भिंतीला चिकटवलं. खाली गोदामात त्याच वेळी टेम्पोत क्रेट चढत होते.

"चांगलं लिव्हलंय," ते म्हणाले. "फकस्त मागची ओळ काढा. शिवी दिल्यासारखी वाटायलीय."

"ती तुम्हालाच आहे, अप्पा."

"मालूम हाय की. म्हणून तर तेवढी बाजू भिंतीकडं केली."

त्यांचं नाव लिहीत नाही. गावात त्यांना सगळे अप्पाच म्हणायचे. कपाळाला विभूती, अंगात पांढरा सदरा, सदऱ्याआड गळ्यातलं लिंग, आणि कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात बाटली उघडायची जुनी चावी. काचेच्या बाटल्या जाऊन किती वर्षं झाली, पण ती चावी त्यांनी काढली नाही. बोलताना ती वाजवायची सवय होती. औसा आणि आजूबाजूच्या गावांतल्या किरकोळ दुकानांना रंगीत सोडा, आंब्याचा थंडा आणि नळी खुपसून प्यायचे छोटे खोके, सगळं त्यांच्या गोदामातून जायचं. मी नांदेडहून आले, स्वस्तात खोली मिळाली म्हणून राहिले, आणि पहिल्याच सकाळी क्रेटच्या आवाजानं जागी झाले तेव्हा कुणाच्या डोक्यावर राहतेय ते कळलं. सामान बांधायचं ठरवलं होतं. मग वाटलं, बरं झालं, इथूनच सुरुवात करू.

घरात त्यांची नात होती, अडीच वर्षांची. तिला ते आक्का म्हणत आणि अहो-जाहो करत. "आक्का, पाणी घेता का?" असं विचारत, आणि ती पोरगी सावकाश मान हलवेपर्यंत पेला धरून उभे राहत. या घरात तिच्या पोटात काय जावं हे तेच ठरवत. दूध देवणीकडच्या त्यांच्या सोयऱ्यांच्या गाईचं. ते उकळायचं, साय काढायची नाही, साखर घालायची नाही. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक, बास. सून तिसरी द्यायला लागली की ते म्हणत, "दुधानं पोट भरलं की भाकर कोण खाईल? तुमी?"

सुनेच्या माहेराहून लेकरांची उंची वाढवणाऱ्या पावडरचा मोठा डबा आला होता. अप्पांनी पावडर बाहेर नेऊन उकिरड्यावर ओतली, डबा धुतला आणि त्यात खिळे ठेवले. "डबा लई मजबूत हाय," असं त्यांनी व्याह्यांना फोनवर मनापासून कळवलं.

एकदा चाकूरहून त्यांची थोरली बहीण आली. सकाळी चहा झाला, तिनं नेहमीप्रमाणे बशीत ओतला, फुंकला आणि पोरीला जवळ ओढून बशी तिच्या तोंडाला लावली. आपल्याकडं आजी-आज्यांनी लेकराला लावलेला हा पहिला नाद असतो, आणि त्याला माया म्हणतात. अप्पा आंघोळीहून ओलेच आले आणि त्यांनी बशी काढून घेतली.

"आमची लेकरं चा पेऊनच वाढलीत की," बहीण म्हणाली. "मेलीत का कुणी?"

"मेली न्हाईत. पण बाई, तुझ्या एका तरी पोराला कोरडी भाकर खाताना बघितलंस का? पन्नाशीला आलेत, अजून चात बुडवून गिळतेत."

"चांगलं पेवू दिलं न्हाई त्या लेकराला."

"रगत कमी होतंय त्यानं. वर भिंतीवर लिव्हलंय, वाच."

"मला वाचता येत न्हाई, हे तुला मालूम हाय."

"मग माझ्यावर इस्वास ठेव."

बहीण दुपारच्या गाडीनं चाकूरला परत गेली. त्या दिवसापासून अप्पांनी स्वतःचा चहा घरात प्यायचं बंद केलं. लेकरू बघतं आणि मागतं, म्हणून. ते खाली गोदामात जाऊन, थंड्याच्या क्रेटवर बसून, गुपचूप चहा पीत. अव्वा, म्हणजे त्यांच्या पत्नी, जिन्यावरून हाक मारत, "झाला का चोरून?" आणि खालून उत्तर येई, "बघती का ती?"

इतका सावध माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि इतका संतापजनकही नाही. कारण हे सगळं दाराच्या आतलं होतं.

बाहेर त्यांचा एक वेगळाच खेळ चालायचा. लग्नात, बाजारात, बसस्टँडवर, कुठंही लहान लेकरू दिसलं की ते वाकून म्हणत, "जीभ दाखव." लेकरू जीभ काढी. नारिंगी, हिरवी, काळपट. जिभेच्या रंगावरून आणि तोंडाच्या वासावरून ते कोणत्या कंपनीचा माल पोटात गेला ते सांगत, आणि चुकत नसत. पुढची गंमत अशी की माल दुसऱ्या कंपनीचा असला तर ते लेकराच्या बापाला थांबवून भाषण देत. दात किडतील, भूक मरेल, हाडं ठिसूळ होतील, सगळं आमच्या पत्रकातलं, वर स्वतःची भर घालून. आणि माल स्वतःचा निघाला की लेकराच्या डोक्यावरून हात फिरवत, "शाना हाय," म्हणत आणि पुढं चालू लागत.

मी एकदा त्यांना रस्त्यातच धरलं. "अप्पा, दोन्हीत साखर तेवढीच असते."

"हाव."

"मग त्या बापाला तेवढं सुनावलंत, आणि ह्याला काहीच नाही?"

"ताई, दुसऱ्याच्या मालाबद्दल खरं बोलायला काय जातंय? सवय राहते खरं बोलायची."

ते हसले नाहीत. त्यांचे विनोद आणि त्यांची मतं यांत फरक करणं मला शेवटपर्यंत जमलं नाही.

मला त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती. आमच्या गल्लीच्या टोकाला अंगणवाडी होती आणि तिच्या फाटकाला लागून रेखाचं दुकान. रेखा तरुण होती, नवरा लातूरला कामाला, कडेवर वर्ष-दीड वर्षाचा मुलगा. दुकानाच्या दारातच काचेचा फ्रिज, आणि त्याच्या खालच्या कप्प्यात, बरोबर तीन वर्षांच्या लेकराच्या नजरेच्या उंचीला, आंब्याच्या थंड्याच्या छोट्या बाटल्या. त्या तिथं मांडायला कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला होता. अंगणवाडीतून सुटलेलं लेकरू सरळ त्या काचेला जाऊन चिकटायचं. आया आधी नाही म्हणायच्या, मग लेकरू रस्त्यावर लोळायचं, मग बाटली यायची. अंगणवाडीत बाई उसळ वाढायच्या, ती तशीच राहायची. ज्यांना बाहेर गोड मिळणार हे माहीत आहे ती लेकरं मटकी कशाला चावतील? वजनाच्या दिवशी काटा तिथंच अडलेला असायचा, आणि आया मला विचारायच्या, ताई, टॉनिक लिहून देता का.

रेखाच्या मुलाचे पुढचे दोन दात काळे पडले होते. तिचं दुकान होतं, त्यामुळं तो दिवसभर एक नळी तोंडात धरून असायचा. रडला की बाटली, झोपला नाही की बाटली.

"अप्पा, एवढं एक दुकान सोडा," मी म्हणायचे. "बाकी रूट तुमचा तुम्ही चालवा."

"मी सोडलं की दुसऱ्या कंपनीचा टेम्पो थांबंल तिथं. माझा माल निदान तारखेतला असतोय."

"तारखेतलं विष."

"हे बगा, परत पत्रक वाचायलाव. बोला की साधं."

"साधंच विचारते. आक्काला देता का?"

मग ते किल्ल्यांचं जुडगं वाजवायचे. "आक्काचं येगळं हाय."

"कसं वेगळं?"

"ती माझ्या घरात हाय."

हे ते लाज वाटून नाही, सरळ सांगत. याच्यावर काय बोलायचं हे कोणत्याही शिबिरात शिकवत नाहीत. मी कंपनीला अर्ज केला, पंचायत समितीत खेटे घातले, रेखाशी भांडले. रेखा म्हणाली, "ताई, फ्रिज कंपनीचा हाय. त्यात त्यांचाच माल ठेवावं लागतंय. तुमी फ्रिज देता का?" मी देऊ शकत नव्हते. असे चार-पाच महिने गेले आणि आक्काचं जावळ आलं.

जावळाला अप्पांनी गोदामापुढं मांडव घातला आणि रूटवरच्या सगळ्या दुकानदारांना घरच्यांसकट बोलावलं. मामाच्या मांडीवर बसवून पोरीचे केस काढले, तिला न्हाऊ घातलं, नवा परकर-पोलका घातला आणि टकलावर हळद-कुंकवाचं बोट लावून अप्पांच्या मांडीवर बसवलं. तिकडं रीत अशी की जावळाच्या लेकराला रिकाम्या हातानं भेटायचं नाही. जे आणलं असेल ते लेकराच्या हातावर ठेवायचं, आणि खायचं-प्यायचं असेल तर थोडं आपल्या हातानं त्याच्या तोंडाला लावायचं. लावू दिलं नाही तर आणलेलं नाकारलं असं होतं, आणि असं नाकारलेलं माणसं फार दिवस विसरत नाहीत.

दुकानदारांना वाटलं, एजंटाच्या नातीला एजंटाचाच माल न्यावा, यापेक्षा मोठा मान कोणता? हे प्रत्येकाला वेगवेगळं सुचलं होतं. त्यामुळं रांगेत जो तो आंब्याच्या थंड्याची बाटली घेऊन उभा. कुणी तिला लाल फीत बांधलेली, कुणी कुंकू लावलेलं, एकानं तर चमकीच्या कागदात अख्खा क्रेट गुंडाळून आणला होता.

सगळ्यात पुढं रेखा होती. तिचा मुलगा कडेवर, त्याच्या तोंडात नेहमीची नळी. तिनं नवी बाटली फोडली, नळी खुपसली आणि वाकून म्हणाली, "आ करा, आक्काबाई. तुमच्याच घरचं हाय."

पोरीनं आयुष्यात ती चीज चाखली नव्हती, पण रंग बघून तिनं आ केला.

मी मांडवाच्या खांबाजवळ उभी होते. अप्पांचा चेहरा मला समोरून दिसत होता. बाटली हातानं बाजूला सारली असती तर सगळ्या रूटसमोर सांगितल्यासारखं झालं असतं की हा माल लेकराला देण्यासारखा नाही. सारली नसती तर ती आक्काच्या तोंडात गेली असती. नळी ओठांपर्यंत आली होती.

"आधी अप्पा," ते म्हणाले. "मग आक्का."

त्यांनी नळी स्वतःच्या तोंडात घेतली आणि बाटली रिकामी केली. मांडव हसला. त्यांना साखरेचा आजार होता हे सगळ्यांना माहीत होतं. जेवणानंतरचं केळंसुद्धा ते अव्वांना विचारून खात.

दुसरा दुकानदार पुढं आला. "आता आक्काबाईची पाळी."

"तिची पाळी माझ्याकडं हाय," अप्पा म्हणाले, आणि तीही बाटली त्यांनी संपवली. तिसरी आली. चौथ्यानं बाटली थेट पोरीच्या हातात दिली, तर तिच्या मुठीवर आपला हात ठेवून त्यांनी तशीच ओढून प्यायली. पोरगी रडायला लागली. अव्वा मधे आल्या.

"अवो, काय करायलाव? दवाखान्यात जायचंय का?"

"आणलेलं माघारी देऊ का, जावळाचं?"

"मग ठेवा की बाजूला."

"तोंडाला लावायची रीत हाय."

"लेकराच्या तोंडाला."

"तिचं-माझं तोंड एकच हाय."

हसणं विरत गेलं. रांग मात्र थांबेना, कारण मागच्यांना पुढं काय चाललंय ते नीट दिसत नव्हतं आणि पुढच्यांना बाहेर पडायला वाट नव्हती. अप्पांच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती. ते घोट घेत, थांबत, परत घेत. लातूर रोडवरच्या एका म्हाताऱ्या दुकानदारानं आपली बाटली हळूच पिशवीत परत ठेवली आणि पोरीच्या हातावर नुसती नोट ठेवून वाकून निघाला. त्याच्या मागच्यानंही तेच केलं. मग एकेक करत सगळ्यांच्या बाटल्या पिशव्यांत गेल्या. माझ्याजवळ उभा असलेला माणूस बायकोला हलक्या आवाजात म्हणाला, "स्वतः पेऊन मरंल, पण लेकराला देईना."

बायको म्हणाली, "तेच की."

मी रेखाकडं पाहिलं. ती बाजूला उभी होती. तिनं मुलाच्या तोंडातली नळी ओढून काढली. तो किंचाळला. तिनं त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं, बाटलीला झाकण लावलं आणि ती पदराआड धरली. मी आणि माझं पत्रक महिनोन्‌महिने तिच्या मागं होतो, आणि तेव्हा तिनं नुसतं हूं म्हटलं होतं.

रात्री अप्पांना लातूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. साखर इतकी चढली होती की डॉक्टर अव्वांवरच ओरडले. दोन दिवसांनी मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या हाताला सलाईन होतं. मला बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "टेम्पो गेला का येळेवर?"

"गेला."

"बरं झालं."

"अप्पा, त्या दिवशी सगळ्यांना समजलं. आता तोंडानं बोलून टाका. अंगणवाडीपाशी माल जाणार नाही, एवढंच."

"सगळ्यांना समजलं तर बोलायचं कशाला?"

"समजलं म्हणून काय झालं? माल तर जातोच आहे."

"माल कामून थांबंल?" त्यांना खरोखरच नवल वाटलं. "मी माझ्या लेकराचं बघितलं. जिवावर घेऊन बघितलं, हाव का न्हाई? आता ज्यानं त्यानं आपापल्या लेकराचं बघावं. मी काय सगळ्या गावाचं पेत बसू?"

"तुमच्या लेकरासाठी तुम्ही प्यालात. ज्या लेकराच्या बापाला काही माहीतच नाही, त्याच्यासाठी कोण पिणार?"

त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "हे बी चांगलं हाय. पत्रकात घाला. मागच्या बाजूला."

अव्वांनी मला खुणेनं बाहेर जायला सांगितलं.

ते बरे होऊन घरी आले, पण जुना जोर राहिला नाही. जीभ दाखव म्हणणं थांबलं. मी माझी फेरी पुन्हा सुरू केली आणि दुकानांतून मला एक बदल दिसायला लागला. औशाच्या बसस्टँडवरच्या दुकानदाराची मुलगी तांब्यातनं पाणी पीत होती. लातूर रोडवरच्या म्हाताऱ्यानं नातवासाठी लिंबू-मिठाच्या पाण्याचा तांब्या ठेवला होता आणि मला बोलावून विचारलं, यात साखर नको ना. मला आधी आनंद झाला. मग मी त्यांचे फ्रिज बघितले. सगळे भरलेले होते.

रेखाच्या दुकानात गेले तेव्हा अंगणवाडी सुटायची वेळ होती. तिचा मुलगा काचेला दोन्ही हात लावून उभा होता आणि खालच्या कप्प्याकडं बोट दाखवत होता. तिनं त्याला उचलून गल्ल्यावर बसवलं, मडक्यातलं पाणी पेल्यात घेतलं आणि त्याच्या तोंडाला लावलं.

"ते आपलं न्हाई, बाळा," ती त्याला समजावत होती. "ते गिऱ्हाइकाचं हाय."

त्यानं पाणी प्यायलं. तितक्यात बाजूच्या बांधकामावरची एक बाई आली. डोक्याला सिमेंटनं पांढरं झालेलं फडकं, आणि हाताशी अंगणवाडीतून घेतलेली पोर. पोर काचेला जाऊन चिकटली. बाई म्हणाली, "द्या वं एक." रेखानं माझ्याकडं एकदा पाहिलं, फ्रिज उघडला, बाटली काढली, आणि त्या बाईचे हात सिमेंटचे होते म्हणून नळीसुद्धा तिनंच खुपसून दिली.

मी बाईच्या मागं गेले. चालता चालता तिला पत्रक वाचून दाखवलं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "असं असतंय तर मंग शाळेपाशी इकतेत कशाला?" आणि उत्तराची वाट न बघता बांधकामावर चढली. पोर वाळूच्या ढिगावर बसून बाटली संपवत होती.

संध्याकाळी मी अप्पांना गोदामात गाठलं. ते क्रेटवर बसून बिनसाखरेचा चहा पीत होते. रेखा तिच्या लेकराला आता थंडा देत नाही, पाणी देते, आणि त्याला काय सांगते, तेही मी जसंच्या तसं सांगितलं.

त्यांचा चेहरा उजळला. खूप दिवसांनी मी त्यांना असं खूश झालेलं पाहिलं.

"रेखा हुशार निघाली," ते म्हणाले, आणि टेम्पोवाल्याला हाक मारून तिच्या दुकानाचे क्रेट आधी चढवायला सांगितले.